रुपराव उतरला

६ एप्रिल १९७४
पोचलो एकदाचा नागपुरात. लकडगंजातल्या आरागिरणीवाल्यांनी मिळून स्वतःचं छोटं वीजघर काढलंय. दोन डिझेल इंजिनं, चार लायनी. सरकारी वीज गेली की सगळ्या गिरण्या आमच्यावर. कुणाला किती वीज द्यायची, राखीव किती ठेवायची, ते ठरवायला मला नेमलंय. मालकांपैकी भैयाजींनी आल्या आल्या हातावर संत्राबर्फी ठेवली. ऊन मेलं जीव घेतं, पण माणसं गोड आहेत. महिनाभरात बिऱ्हाड लावून चारुलताला आणतो.

९ एप्रिल
चौथी लाइन बंद, म्हणून दुसरं इंजिन नुसतं बसून. ऑपरेटर शालिकराम सांगत होता, लाइनमन रुपराव लाइन बंद करायला सांगून खांबावर चढला आणि वरच गेला. जो चढला त्यानेच उतरून नाव सांगायचं, मग स्विच लावायचा, अशी इथली रीत. मेलेला माणूस सांगणार कसा? दोन वर्षं लाइन तशीच! मी कपाळावर हात मारला.

११ एप्रिल
आज मीच खांबाखाली उभा राहून ओरडलो की मी रुपराव, उतरलो, लाइन चालू करा. शालिकराम तयार नव्हता, त्याला दटावलं. लाइन झकास चालू झाली.

१२ एप्रिल
शालिकराम मला रुपरावभाऊ म्हणतो. भैयाजींनीही विचारलं, इतके दिवस कुठे होता गा. थट्टेला काही सीमा? खूप चिडलो.

१४ एप्रिल
रुपरावची बायको प्रयागबाई डबा घेऊन आली. मला बघून रडली, घरी चला म्हणाली. मी घाबरलोय. माझी ट्रंक भैयाजींनी साहेबांची म्हणून कुलपात ठेवली. मी निघून जायला लागलो, तर लाइनमनला सुटी नाही म्हणून मला फाटकावरून परत पाठवलं.

१५ एप्रिल
शालिकरामचे पाय धरले. तो म्हणाला, रुपराव उतरला म्हणजे त्याच्या जागी साहेब वर खांबावर आहेत. साहेबाचं नाव कोणी घेतलं तरच साहेब उतरतील. मी तोंड उघडलं. नाव आठवेना. माझंच.

१६ एप्रिल
खोलीला बाहेरून कडी. मी आठवून राहिलो – क पासून ज्ञ पर्यंत –

१७ एप्रिल
माझं पत्र नाही म्हणून चारुलता आली. खिडकीच्या जाळीपलीकडे उभी आहे. मी हाक मारली. तिने पदर सावरला, विचारलं, भाऊ, आमचे हे कुठे आहेत –

आमचे हे. लग्नाला चार वर्षं झाली, एकदाही नाव घेतलं नाही तिनं. मी जाळी धरून म्हटलं, बाई, नाव सांगा तुमच्या मालकाचं. ती लाजली. मान खाली घातली. म्हणाली, इथले साहेब –

निघाली ती. चारू, नाव घे वं – एकदा – मले सोडव – माझं ना