कंबरेचं हाड कुणाला

सोन-कोल, १४ जून

ती. साबिरा एजे हिला धाकट्या भावाचा स. न. वि. वि.

हे पत्र तुरात ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. इथं कुरणावर फोनला रेंज हवी तर घोड्यावर बसून मागच्या डोंगरावर चढावं लागतं, आणि तिथं निम्मं बोलणं वारा खातो. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला गप्प बसून ऐकावंच लागेल.

मी मजेत आहे. अतांना तसं सांग. बाप असले तरी त्यांनी विचारलं तरच सांग. बिश्केकमध्ये सगळे म्हणत असतील की कुबातनं पोरीसाठी कॉलेज सोडलं. तसं नाही. तिसऱ्या वर्षाच्या सरांनी भर वर्गात मला खुर्ची उबवणारा म्हटलं, मी त्यांना त्याहून वाईट काहीतरी म्हटलं, आणि माफी मागायला गेलो नाही. आयपेरी त्याच महिन्यात शिक्षिका होऊन कोचकोरला परत आली, हा योगायोग. बरं, निम्मा योगायोग. तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नसतो.

उन्हाळ्यात ती इथंच, ओढ्यापलीकडे वडिलांच्या तंबूत असते. परवा धीर करून गेलो. ती दुधावरची साय काढत होती. मी पुढं काय काय करणार आहे ते सगळं सांगितलं. ती साय काढत राहिली. भांडं भरल्यावर म्हणाली की एवढं ऐकूनही हा माणूस नेमकं काय करतो ते कळलं नाही. एका वाक्यात सांगता येईल तेव्हा ये. मी तडक घोड्यावर बसलो. घोडा दुसऱ्याचा निघाला, म्हणून पुन्हा परत जावं लागलं. ते जाऊ दे.

आता कामाचं. आमच्या पाहुण्यांच्या तंबूंची मालकीण राखिमा एजे हंगाम संपला की आमच्यातल्या एकालाच कोचकोरला वर्षभरासाठी ठेवणार आहे. तंबू उतरवायच्या आधी एकेकानं येऊन आपल्याला काय येतं ते सांगायचं. काय शिकलात ते नको, काय येतं ते. दुसरा उमेदवार एल्दियार. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, त्याला जर्मन येतं, आणि तो सकाळी उठल्या उठल्या हसतो. ही जागा मिळाली नाही तर मला बिश्केकला तोंड लपवून यावं लागेल, आणि ओढ्यापलीकडे तर जाताच येणार नाही.

मी असं ठरवलंय: प्रामाणिक, मेहनती, मिळून मिसळून काम करणारा, कोणत्याही कामाला तयार. कसं वाटतं? तू इतकी वर्षं शिवणाच्या कारखान्यात आहेस, तुला ठाऊक असणार.

राग असला तरी लोभ तसाच ठेव.

तुझा
कुबात


बिश्केक, २३ जून

चि. कुबात यास अ. उ. आ.

पत्र वाचताना हसू आलं आणि शेजारच्या बाईनं विचारलं की काय झालं. म्हटलं, भाऊ घोडा चुकला.

तुझी ती चार विशेषणं वाचली. आमच्या दाराशी रोज मुली कामाला येतात आणि जी ती हेच म्हणते. आजवर एकही मला म्हणाली नाही की मी आळशी आहे, थोडी लबाडी करते आणि माझं कुणाशी पटत नाही. मग यातून मला कळणार काय? कोणत्याही कामाला तयार म्हणणाऱ्याला मी दोरे वेचायला बसवते.

माझंच सांगते. मालकानं मला मशीनच्या ओळीची प्रमुख हो म्हटलं तेव्हा मी नाही म्हणत राहिले. मला शिवण येते, बाकी काही येत नाही, असं माझं ठाम मत. मग मी बाळंतपणाला घरी होते तेव्हा माझ्या ओळीवरच्या पोरींचे फोन सुरू झाले. शिवणीबद्दल एकीनंही विचारलं नाही. बाह्या साचून राहिल्यात, आता कुणाला कुठल्या मशीनवर हलवू, हे विचारत होत्या. माझ्यापेक्षा चांगलं शिवणाऱ्या तिथं होत्या. काम कुठं तुंबणार हे आधी दिसणारी मी एकटी होते. आणि मला वाटायचं ते सगळ्यांनाच दिसतं.

तेव्हा स्वतःला विचारू नकोस, तू स्वतःला खोटं सांगशील. लोकांना विचार: मी नसलो की तुमचं काय अडतं? आणि उत्तर आवडलं नाही तरी भांडू नकोस. हे शेवटचं वाक्य दोनदा वाच.

अता विचारत नाहीत, पण तुझं पाकीट आलं तेव्हा चहा घेऊन बराच वेळ माझ्याजवळच बसून राहिले. बोर्सोक तळून पाठवलेत. तुरातनं वाटेत खाल्ले नाहीत तर मिळतील.

तब्येत जप, डोकं थंड ठेव, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
एजे


सोन-कोल, ४ जुलै

ती. एजे, स. न. वि. वि.

बोर्सोक अर्धे पोचले. तुरातच्या मिशीवर उरलेल्यांचा पीठ-पुरावा होता.

तू सांगितलंस तसं विचारत फिरलो. पुन्हा असलं काही सुचवू नकोस. घोडेवाला म्हणाला, तू नसलास की शांतता असते. मला वाटलं होतं जनरेटरचं नाव निघेल. तीन वर्षं विजेचं शिकलो ना. एल्दियारनं अगदी हसत सांगितलं की मी हात लावल्यापासूनच जनरेटर खोकतो. हे खरं असेल, पण हसत सांगायची गरज नव्हती.

मग स्वयंपाकाच्या बुरुल आपांना विचारलं. त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, तू नसलास की कुणाला कुठं बसवायचं आणि मानाप्रमाणे कुणापुढं कुठलं हाड ठेवायचं हे मला बघावं लागतं, आणि मग मटण करपतं. गेल्या महिन्यात तू घोडा बदलायला गेला होतास तेव्हा नारिनच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी दाराजवळ बसवलं, आणि तो घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमीसचा घोटही न घेता निघून गेला म्हणे.

एजे, यासाठी मी कॉलेजात गेलो होतो का? पाहुणे बसवणं हे काय काम झालं? ते घरातली मोठी सून करते. कोण कुणापेक्षा मोठा, कोण कुणाचा व्याही, कुणाचं कुणाशी जमत नाही, हे तंबूत शिरल्यावर दिसतंच की. आयपेरीपुढं उभा राहून सांगू, मी हाडं वाटतो? मी आपांना तसं म्हणालो. थोडं मोठ्यानं म्हणालो. त्यांनी मला कणकेचा गोळा फेकून मारला.

मी जनरेटरचंच सांगणार आहे. शिकेन की नीट.

अतांना माझा नमस्कार सांग. विचारलं नाही तरी सांग.

तुझ्या शब्दांचा भुकेला
कुबात


बिश्केक, १२ जुलै

चि. कुबात यास अ. उ. आ.

आज घाई आहे, शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली आहे. एवढंच लिहिते की तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: तंबूत शिरल्यावर दिसतंच की. मला दिसत नाही, कुबात. माझ्या लग्नाच्या जेवणात माझ्या सासरचे दोन काका पाठीला पाठ लावून बसले होते, आणि ते का, हे मला वर्षभरानं कळलं. तुला त्याच दिवशी कळलं होतं. तूच एकाला घोडे बघायच्या निमित्तानं उठवून नेलंस. तेव्हा तू शाळेत होतास.

बुरुल आपांची माफी माग. सरांची नाही मागितलीस, यांची तरी माग.

प्रेम आहेच, ते इथून कुठं जात नाही.

एजे


सोन-कोल, ९ ऑगस्ट

ती. एजे, स. न. वि. वि.

सगळं संपलं. निवांत वाच, कारण मी निवांत लिहू शकत नाही.

आयपेरीच्या वडिलांकडे, कासिमाली आकेंकडे, त्यांच्या थोरल्या मुलाचे सासरकडचे लोक पहिल्यांदाच कुरणावर येणार होते. स्वतःचा तंबू पुरणार नाही म्हणून त्यांनी राखिमा एजेचा मोठा तंबू घेतला. मेंढी त्यांची, रांधणं आणि वाढणं आमचं. एल्दियार जर्मन पाहुण्यांना घेऊन तळ्यावर गेला होता. हाडं वाटायला मी.

बसवणं तर झकास झालं. व्याही बेइशेन आके दारासमोर मानाच्या जागी, त्यांच्या एका कानाला कमी ऐकू येतं म्हणून बोलकी माणसं दुसऱ्या बाजूला. कासिमाली आके यजमान, ते खाली. आयपेरी दाराशी चहा ओतत होती. नवीन निळा रुमाल बांधला होता तिनं. तिथंच माझा घात झाला.

थाळा आला. कंबरेचं एक हाड बायकांच्या पंगतीत गेलं होतं, दुसरं माझ्या हातात. ते व्याह्यांचं, हे आपल्याकडे दूध पितं पोरही सांगेल. आणि मी काय केलं? आयपेरीनं माझ्याकडे बघितलं, मला वाटलं तिच्या वडिलांना खूश करावं, आणि मी ते हाड नेऊन कासिमाली आकेंपुढं ठेवलं. यजमानापुढं. त्याच्याच व्याह्यासमोर.

कासिमाली आकेंचा चेहरा बीटासारखा झाला. व्याह्यांच्या पोरानं सुरी खाली ठेवली. बेइशेन आकेंनी आपली टोपी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे आता उठणार. सून याच घरात नांदायची आहे, एजे. तिच्या बापाचा पहिल्याच भेटीत असा अपमान. आयपेरीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मग मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि जेवण पार पडलं. पण जाताना कासिमाली आकेंनी माझ्याकडे बघितलं नाही. राखिमा एजे दारात उभी होती, तिनं सगळं पाहिलं. आता तिला जाऊन काय सांगू, काय येतं मला? तुरातबरोबर बिश्केकला येतो. दोरे वेचायला बसव.

कुबात


बिश्केक, १६ ऑगस्ट

चि. कुबात यास अ. उ. आ.

तुझी चूक तू पानभर लिहिलीस. आणि पुढचं एका ओळीत उरकलंस: काहीतरी बोलून वेळ मारून नेली. काय बोललास? मी ते पत्र अतांना वाचून दाखवलं. हो, दाखवलं. त्यांनी तिथंच थांबवलं आणि विचारलं, पण टोपी मांडीवर घेतलेला व्याही परत बसला कसा? त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी असा व्याही परत बसलेला पाहिला नाही म्हणे.

तेव्हा बिश्केकला येऊ नकोस. आधी त्यांना ते कळव. दोन महिन्यांत त्यांनी तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न आहे.

चूक प्रेमात झाली, दुरुस्ती कशात झाली त्याचा विचार कर. आणि राखिमा एजेकडे जा. केस विंचरून जा.

वाट बघते आहे. मायेला खंड पडू देऊ नकोस.

एजे


सोन-कोल, २८ ऑगस्ट

ती. एजे, आणि ती. अता, दोघांना स. न. वि. वि.

हे पत्र दोघांनी मिळून वाचा, म्हणजे मला दोनदा लिहायला नको.

अता, मी असं केलं. गुडघ्यावर बसलो आणि बेइशेन आकेंच्या ऐकू येणाऱ्या कानाकडे तोंड करून म्हणालो, "आके, हे हाड तुमचंच. पण वाढप्याच्या हातून ते तुमच्यापुढं यावं हे मला पटेना. तुमच्या व्याह्यांनी स्वतःच्या हातानं द्यावं म्हणून आधी त्यांच्याकडे नेलं." मग कासिमाली आकेंकडे बघितलं. त्यांनी हाड दोन्ही हातांत घेतलं, उठले, आणि स्वतः जाऊन व्याह्यांपुढं ठेवलं. बेइशेन आकेंनी टोपी परत बाजूला ठेवली आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. मला तेव्हा फक्त चूक दिसत होती.

एजे, तुझं पत्र आल्यावर राखिमा एजेकडे गेलो. केस विंचरले होते. एल्दियार आधी जाऊन आला होता. तो हसत नव्हता, म्हणून मला पहिल्यांदाच तो आवडला. बाहेर येऊन त्यानं सांगितलं की त्या दिवशी तो असता तर माफी मागून पळाला असता.

राखिमा एजेनं काय येतं ते विचारलं. जनरेटर तोंडावर आला होता, गिळला. म्हणालो, "अनोळखी माणसांना मी अशा जागी बसवतो की कुणाचा मान दुखत नाही, आणि दुखलाच तर ते उठायच्या आत भरून काढतो." तिनं चष्मा काढला. म्हणाली, सगळं कुरण तुला भडकू म्हणतं, सरांशी भांडून आलेला, आपांवर आवाज चढवणारा. तू कुणाचा मान सांभाळणार? मी लगेच भडकलो नाही, हे तुम्ही दोघांनी लक्षात घ्या. थोडा विचार केला आणि जे खरं वाटलं ते सांगितलं, की मला स्वतःला अपमान फार लवकर लागतो, म्हणून दुसऱ्याला तो कुठं लागणार हे मला आधी कळतं.

तिनं चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. मग म्हणाली की वर्षाचं वचन ती देत नाही. परदेशी मंडळी एल्दियारकडे. लग्नसराईतली कोचकोरची जेवणं माझ्याकडे, बर्फ पडेपर्यंत. तोवर एकाही घरातून तक्रार आली नाही, तर पुढचं बोलू. आणि हाडं वाटताना दाराकडे बघायचं नाही, अशी खास अट घातली. म्हणजे तिला तेही दिसलं होतं.

बुरुल आपांची माफी मागितली. त्यांनी पुन्हा कणीक फेकली, पण या वेळी भाजून.

मग ओढा ओलांडून गेलो. घोडा माझाच होता, तपासून घेतला. आयपेरी तंबूच्या दोऱ्या सोडत होती, ती मंडळी उद्या खाली उतरतात. राखिमा एजेला सांगितलेलं वाक्य तिलाही तसंच सांगितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, वाक्य चांगलं आहे, पण तिच्या दोन आत्या एका चादरीवर जेवायला बसत नाहीत, आणि या शरदात तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाला दोघी येणार आहेत. त्यांना एकत्र बसवून दाखव, मग वडिलांशी मी स्वतः बोलते. एजे, ती स्वतः बोलते म्हणाली. मी तिथंच दोरी सोडायला लागलो, चुकीची दोरी सोडली, तंबू माझ्या अंगावर आला, आणि ती हसत होती.

आता मला तुम्हा दोघांची मदत हवी. भांडण काय आहे ते मी काढून घेतलं. आत्या जुळ्या आहेत. थोरली कोण, ते सांगणारी सुईण कधीच वारली, आणि दोघींनाही वाटतं की आपणच. हाडं एका मेंढीत दोन निघतात, तो प्रश्न नाही. पण दारासमोरची जागा एकच असते.

मला एक युक्ती सुचली आहे. अतांना म्हणावं, ऐकायची असेल तर स्वतः फोन करा. मी रोज संध्याकाळी मागच्या डोंगरावर जाऊन उभा राहतो.

तुमचा लोभ पोटभर मिळाला आहे, तरी आणखी मागतो.

कुबात