बरणीवरची काच

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसरीच्या वर्गात 'प्राणी श्वास कसा घेतात' सुरू केलं. गांडूळ त्वचेने. नाकतोडा अंगावरच्या बारीक छिद्रांनी. लगेच एकाचा प्रश्न — "बाई, मग त्याला सर्दी झाली की तो शिंकतो कुठून?" वर्ग लोळला. मी हसले नाही. घरी यांना सांगताना हसले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मासा. कल्ले दाखवायला दुकानातून एक निळा फायटर आणला. बरणीत एकटा राहतो, सांभाळायला सोपा. फळ्यावर लिहिलं — मासा पाण्यातली हवा कल्ल्यांनी घेतो. देवमाशाला फुप्फुसं, म्हणून त्याला वर यावं लागतं. सगळं सरळ चाललं होतं.

तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीचा हात वर. शिक्षकांच्या खोलीत तिला आम्ही 'प्रश्नपत्रिका' म्हणतो. दिवसाला दहा प्रश्न, त्यातले चार तरी माझीच परीक्षा घेणारे!

"बाई, हा पण वर येतो. हवा घेतो आणि खाली जातो. मी सात वेळा मोजलं."

"खाऊ शोधतो तो. बस खाली."

"पण बाई —"

"बस म्हटलं ना!"

छत्तीस वर्षं शिकवते आहे. कॉलेजात माशाचं डोकं या हातांनी चिरलं आहे. मला सांगते!

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रश्नपत्रिका ऐकेना. म्हटलं, करूनच दाखवू. बरणी काठोकाठ भरली, वर काच ठेवली, काचेवर हजेरीपट. "वरची हवा बंद. मधल्या सुट्टीनंतर बघू. मासा मजेत असेल."

सुट्टीनंतर येते तर काच टेबलावर, आणि ही बरणीपाशी उभी! इतका आगाऊपणा! दोन तास मागे उभं केलं. रडली नाही. बोललीही नाही.

घरी हे म्हणाले, "आता माशालाही शिस्त लावणार का?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिचा हात एकदाही वर आला नाही. धडा वेळेआधी संपला. बरं झालं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. 'हजर' एवढा एकच शब्द. बेडकाचं सांगितलं — फुप्फुसांनीही श्वास घेतो आणि त्वचेनेही. मुद्दाम थांबले. इथे ती विचारणारच, म्हटलं. वहीत रेघा मारत बसली होती.

मूल प्रश्न विचारायचं थांबलं तर मी तिथे करते काय?

८ फेब्रुवारी, शनिवार

माशाचं खाद्य आणायला गेले. बोलता बोलता दुकानदाराला काचेचं सांगितलं. तो हातातलं काम टाकून बघतच राहिला.

"झाकण घट्ट लावलंत? अहो बाई, हा वर येऊन तोंडाने हवा घेतो! नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही त्याचं. तसाच ठेवला असतात तर गुदमरून गेला असता."

पाण्यात गुदमरणारा मासा! घरी येऊन पुस्तकं काढली. खरं आहे. मी चिरलं ते डोकं दुसऱ्या जातीच्या माशाचं होतं.

म्हणजे पोरीने त्याला वाचवलं, आणि मी तिला उभं केलं. चूक वर्गासमोर झाली, कबूलही तिथेच करायची.

१० फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. "हिचं बरोबर होतं. बाई चुकल्या." लगेच एकजण — "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?"

तिला म्हटलं, "काच काढलीस ते बरं केलंस. तुला शिक्षा करायला नको होती." ती काहीतरी बोलणार होती, पण पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि ती खाली बसली. दिवसभर हात वर नाही. आता आणखी काय राहिलं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी वर्ग झाडणाऱ्या मावशी दारात आल्या. "बाई, ती काच मी काढली होती. मासा खालून धडका देत होता, बघवेना. पोरीला उभं केलंत ते मला काल कळलं."

तिला बाहेर बोलावलं. "तू नाही काढलीस, तर त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही विचारलं नव्हतं, बाई."