वजनकाट्याच्या खोलीतला फोन

प्रिय आईला लोरेटाचा गोड पापा,

काळजी करू नकोस, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

बाबा वजनकाट्यावर कामाला होते त्या साखर कारखान्याला आमच्या कंपनीची फोनसेवा विकतेय. तिथला मॅनेजर डेझमंड म्हणाला, "पोरी, आधी आमचे जुने कॉल तपास, मग सही करतो." म्हणून यादी घेऊन बसले.

वजनकाट्याच्या खोलीतून दर गुरुवारी चारला एकाच नंबरवर फोन जातो. सहा मिनिटं. डेझमंड म्हणाला, "छे गं! तुझे बाबा वारले तेव्हापासून ती खोली बंदच आहे." उघडून दाखवली. सगळीकडे धूळ, फक्त रिसीव्हर स्वच्छ पुसलेला. मी हात लावला नाही.

आई, तो नंबर आपल्या घरचा आहे.

महिनाअखेरीस जुन्या लाइनी तोडतील. गुरुवारी बाबांना विचारून कळव, ती एक ठेवायची का?

तुझीच,
लोरेटा