आप्पांनी चावलेली कण्हेर

आत्ती,

बस्तीच्या देवळातली पूजा उरकून तुम्ही येईपर्यंत थांबता येत न्हाई, म्हणून लिहून ठेवते. आप्पांना घेऊन मोठ्या दवाखान्यात चाललेय. शेजारचे कुंथुनाथअण्णा गाडी काढताहेत, तेवढ्या वेळात हे लिहितेय.

काल आप्पांनी फाटकाजवळची कण्हेर छाटली. आज सकाळी त्यातलीच काडी घेऊन दात घासत बसले होते. "आज निंब लई कडू लागतोय बघ," म्हणाले, तेव्हा माझं लक्ष गेलं. तोवर निम्मी काडी चावून झाली होती. दोन उलट्या झाल्या. छातीत कसंतरी होतंय म्हणतात. डॉक्टर फोनवर म्हणाले, एक मिनिट घालवू नका. काडी पिशवीत घालून दाखवायला घेतलीय. अजून बोलताहेत.

यांना, तुमच्या लेकाला, फोन केलाय, ते बेळगावातनं थेट तिकडंच येतील. छाटलेल्या फांद्या अंगणात पडल्यात. त्यांना हात लावू नका, बंबात तर मुळीच घालू नका. त्यांचा धूरसुद्धा विषारी असतो.

आत्ती, ती कण्हेर आप्पांनीच लावलेली. दरवर्षी तेच छाटतात. तरी परवा त्यांनी मला तीनदा विचारलं, "हे झाड कसलं गं?" मला चेष्टा वाटली, मी हसले. तुम्ही मात्र हसला न्हाईसा. हात धरून त्यांना आत घेऊन गेलासा.

डॉक्टर विचारतील, हे विसरणं कधीपासून आहे? मला सांगता यायचं न्हाई. तुम्हाला येईल. लगेच या, आणि पाया पडते, आता काही लपवू नका.

चंदना