फ्लेक्सवरचं कन्नड

२ फेब्रु.
आईचं मराठी गेलं ते गेलंच. पॅरालिसिसनंतर माहेरचं कन्नड तेवढं उरलंय, जे तिनं या घरात कधी काढलंच नव्हतं. रोज संध्याकाळी माझ्याकडं बघून एकच वाक्य म्हणते. नीरु म्हणजे पाणी, यापुढं आमची गाडी जात नाही. चिकव्वाला, म्हणजे संकेश्वरच्या मावशीला फोन लावून ऐकवलं. "मी न्हाय सांगायची. दुसऱ्या कुणाला बी इचारू नको. शिक आन् तूच ऐक." रोज सकाळी सातला फोनवर शिकवणार म्हणाली.

५ फेब्रु.
दूध कट्टा. समोर म्हशीची धार काढणं चाललेलं, ग्लास हातात, आणि बोलून गेलो की पाडव्याला कन्नड बोलून दाखवतो. कट्ट्यावरच्या बाळूनं सगळ्या चौकाला ऐकवलं. तोंड आवरायला हवं होतं.

८ फेब्रु.
चौकात फ्लेक्स. कुणाच्या तरी लग्नातला माझा गॉगलवाला फोटो. 'कन्नडचा वाघ! १ मार्च, कट्ट्यावर, सलग पाच मिनिटं!' बाळूला म्हटलं, अरे पाडवा ठरला होता. "पाडव्याला त्या जागंवर दुसऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हाय. आदीच बुक हाय की." बायको हसून बेजार.

१४ फेब्रु.
तीन दिवस सातचा फोन टाळला. दुकानात गिऱ्हाईक खिळे मागायच्या आधी विचारतंय, "काय पावणं, कुठवर आलं कन्नड?" लाजेकाजेस्तव परत सुरू. मनापेक्षा लाज जास्त कामाची दिसते.

२२ फेब्रु.
वार, नाती, स्वयंपाकघर झालं. चिकव्वाच्या शिव्या न शिकवताच येतायत. आईला विचारलं, ऊटा आतु? जेवलीस का? बराच वेळ बघत राहिली, मग मान हलवली. बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

१ मार्च
बोललो. पाच कुठली, तीनेक मिनिटं, त्यातलं निम्मं पाठ. कन्नड येणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. बाळूनं वय न बघता खांद्यावर घेतलं.
घरी आलो. आईनं तेच वाक्य म्हटलं. आज कळलं.
मला माझ्या घरी पोचवा.
लग्न झाल्यापासून ती याच घरात आहे. बाहेर पायरीवर येऊन बसलो. रडू आलं. बायकोला अजून सांगितलं नाही.

२ मार्च
बायकोला सांगितलं. ती म्हणते, नेऊया. डॉ. म्हणतात, प्रवास झेपायचा नाही. माहेरचं घर आहे अजून, चिकव्वा राहते तिथंच.
सातचा फोन. कळलं म्हणालो. चिकव्वा म्हणाली, "म्हणून सांगत नव्हते रं. लेकानं तिच्याच तोंडनं ऐकावं."
म्हटलं, आता तिला काय उत्तर द्यायचं तेवढं कन्नडात शिकव.
"आदी मराठीत ठरीव की."