एका दिवसाचा परवाना

ता. ९, मंगळवार, दुपार

ताईला धाकटीचा नमस्कार. मी ठीक. तूही ठीकच असशील, अकरा वर्षांत तुझं अक्षर दिसलं नाही म्हणजे तसंच धरून चालायचं. पत्र फाडू नकोस. चौथीपर्यंतच शिकलेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी शेवटपर्यंत वाच.

अगं, मला परवाना मिळाला! मला! फोटो लावलेला, शिक्का मारलेला!

तापाच्या साथीनं दवाखाना ओसंडतोय. जमिनीवर गाद्या टाकल्यात, निम्म्या नर्सबाया स्वतःच आजारी. म्हणून सरकारनं नवा नियम काढला. आमच्यासारख्या वॉर्डातल्या जुन्या आयांना तीन दिवस शिकवायचं, परीक्षा घ्यायची आणि सहा महिने लस टोचायचा परवाना द्यायचा. परीक्षा तोंडी, म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी रबराचा दंड पुढे केला, मी टोचलं. त्या म्हणाल्या, "हात सराईत दिसतो, मावशी. कुठं शिकलात?"

मी तो रबराचा दंडच पुसत बसले.

असो. काल दिवसभरात एकशे बारा जणांना टोचलं! एक पैलवान गडी, मिशा कानापर्यंत. सुई बघून शेजारच्या बायकोकडे बोट करून म्हणतो, "मावशी, आधी हिला द्या." मी म्हटलं, "हिला दिली, तुझ्या आईलाही दिली. आता काय भिंतीला देऊ? बाही वर कर." सगळी रांग खिदळली. संध्याकाळी पाय सुजले होते, पण ताई, मी उडत घरी आले.

झोप मात्र लागेना. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. कुठं शिकले? तुझ्याकडे. तू इथं नर्स होतीस तेव्हा, जेवणाच्या सुट्टीत, उशीवर सुई टोचून.

तेच सांगायचंय, उगाच आढेवेढे घेतेय. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी वॉर्डात तू एकाचं रक्त थांबवत होतीस आणि मी न विचारता सातव्या खाटेची सुई नवव्या खाटेला दिली. सुई देईल त्यानं तक्त्यावर सही करायची. मला सहीचा हक्क नाही, म्हणून विश्वासानं तू केलीस. माणूस दोन दिवस बेशुद्ध होता, वाचला. चौकशीत तू माझ्याकडे बघितलंस. मी फरशीकडे. तुझा परवाना गेला, माझी नोकरी राहिली.

त्याच नियमात पुढे लिहिलंय, कारकुनानं वाचून दाखवलं. परवाना गेलेल्या नर्सेसना साथीपुरतं परत घेता येतं, पण जुना ठपका पुसला गेला तरच. म्हणून आज सकाळी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं ओकले. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. ते म्हणाले, "बाई, तुमचा परवाना जमा करावा लागेल, चौकशी होईल. कळतंय ना?"

"अडाणी आहे साहेब, बहिरी नाही," म्हटलं आणि ठेवला टेबलावर.

माझं होईल ते होवो, फरशी पुसायला परवाना लागत नाही. पण ताई, साहेब म्हणाले, "तुमच्या बहिणीला बोलवा, आम्हाला हात हवेत." हात हवेत म्हणाले! सोबत तुझा अर्ज आहे, सगळा भरून घेतलाय. फक्त सही कर आणि शुक्रवारच्या आत ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. शिव्या घालायच्या असतील तर वॉर्डातल्या खाटा आवरून झाल्यावर घाल, मी हलणार नाही.

तेव्हा गप्प बसलेली
तुझी धाकटी