ताईच्या नावे एक राग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोवीस, वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करणारी, घरातली पहिली पदवीधर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. उद्या सकाळी डॉक्टर ती घालवणार आहेत, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. शेजारच्या खाटेवरून ताई अधूनमधून घसा खाकरते, त्याला दडपण म्हणता येणार नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. उद्या माझी एक किडनी तिला बसवणार आहेत. ती या मृत्युपत्रात धरू नये. ती जिवंतपणीच दिलेली आहे.

बँकेतली शिल्लक बाबांना. त्यातून त्यांनी नवा चष्मा करावा. माझ्या फोटोला महागडी चौकट करू नये. फोटो वाईट आला आहे.

सायकल दाजींना. तिचा ब्रेक लागत नाही हे त्यांना माहीत आहे, कारण तो त्यांनीच दुरुस्त केला होता.

पुस्तके संडे स्कूलला. मी समासात जागोजागी पेन्सिलीने "किती खरे!" असे लिहिले आहे. ते खोडून मगच मुलांच्या हाती द्यावीत.

आता ताईविषयी. आई गेल्यावर ताईने शाळा सोडली आणि शाळेचे गणवेश शिवून मला शिकवले. मी पदवीधर झाले त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपासनेत देवाचे आभार मानले. आमेन व्हायच्या आत ताई उठून म्हणाली, "देवाचे आभार मानाच, पण मशीन मी चालवलं." सगळी मंडळी हसली. घरी आल्यावर मी तिला गर्वाच्या पापावर पुष्कळ सुनावले, बायबलमधल्या वचनांसकट. ती कापड बेतता बेतता म्हणाली, की गर्व ओळखायला कॉलेजात जावे लागते हे तिला माहीत नव्हते.

तेव्हापासून आम्ही कामापुरतेच बोलतो. मनात अढी ठेवून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले, आणि आम्ही दोघी भलत्याच प्रामाणिक. त्यामुळे भाकर समोर येण्याआधी ती डाव्या दाराने बाहेर पडते आणि मी उजव्या. क्षमा करणे तेवढे राहून जाते.

किडनी द्यायचे ठरले तेव्हा मला एक मोह झाला, तो अजून सुटलेला नाही: ताईने आधी "चुकलं" म्हणावे. एवढे दिल्यावर एवढेसे मागायला काय हरकत? पाळकसाहेबांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, किडनी देतेस की विकतेस?" मला फार राग आला. म्हणजे त्यांचे बरोबर असावे.

आज संध्याकाळी ते आम्हाला प्रभुभोजन द्यायला येणार आहेत. वॉर्डला दार एकच आहे.

म्हणून लिहिते: मशीन ताईनेच चालवले, हे मी येथे मान्य करते. त्या वेळी तिला वचने ऐकवण्याऐवजी एक कप चहा करून द्यायला हवा होता. तिने आधी माफी मागावी हा माझा हट्ट आणि त्यामागचा सगळा राग मी तिच्याच नावे करते. दुसऱ्या कोणाला त्याचा काही उपयोग नाही.

साक्षीदारांबाबत खुलासा: पाळकसाहेब आले आहेत, पण दोन साक्षीदार लागतात आणि नर्सबाई ड्युटीवर सही करत नाहीत. ताई म्हणाली, मी करते. तेव्हा वरचे सर्व तिला वाचून दाखवले. सही करणाऱ्या साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, ही कायद्याची अटही सांगितली. तिने विचारले:

"मला काय ठेवलंयस म्हणालीस?"

"माझा राग."

"आणि सही केली तर?"

"तर तो तुला मिळणार नाही."

"मग पेन दे इकडे. किडनी पुरे झाली मला तुझी."

सही: धाकटी बहीण

साक्षीदार:
पाळकसाहेब
थोरली बहीण, शिवणकाम (उजव्या हाताला सलाईन असल्याने सही डाव्या हाताने)

स्थळ: वॉर्ड, खिडकीजवळच्या दोन खाटा
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, संध्याकाळ. पाळकसाहेब भाकर काढत आहेत. दोघी जागच्या हललेल्या नाहीत.